महिपत म्हणतो

"मैने, त्या डबड्याला काय विचारतंस? मी काय मेलो हाय?"

महिपतने पडवीतून हाक घातली, पण मैनाने मान वर केली नाही. ओट्यावर तिने नारळाला टेकवून मोबाइल उभा केला होता आणि देवळात गाऱ्हाणं घालावं तशी ती त्याच्यासमोर हात जोडून बोलत होती.

"नाचणीची आंबील रोज प्याली तर साखरेचा आजार बरा होतो, असं सांगितलं तर चालंल?"

मोबाइलमधून एका समजूतदार बाईचा आवाज आला. "नाचणी चांगली आहे. पण तिने मधुमेह बरा होतो, याला आधार नाही. 'डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नका' हे वाक्य जोडाल का?"

"जोडते," मैना म्हणाली.

महिपतच्या हातातला चहा तिथेच निवला. हे "जोडते" त्याच्या मालकीचं होतं. हा खालच्या पट्टीतला, शंका न घेणारा सूर लग्नापासून आजवर फक्त त्याच्यासाठी राखून ठेवलेला होता. आता तो एका नारळाला टेकलेल्या यंत्राला मिळत होता. बाईला सवत आली तर तिच्या दुःखाला नाव तरी असतं, चार जणी येऊन तिच्याबरोबर बोटं तरी मोडतात. पुरुषाच्या ह्या असल्या दुखण्याला कोण विचारतो? महिपतने चहा परसात ओतला. बिचाऱ्या अळूचा काही दोष नव्हता.

महिपत जन्मभर मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात वॉर्डबॉय होता. रोग्यांची भांडी उचलायची, स्ट्रेचर ढकलायची, म्हाताऱ्यांना कुशीवर वळवायचं. काम त्याने नीट केलं. पण ही झाली मुंबईतली गोष्ट. पूर्णगडच्या रस्त्यावरच्या आपल्या वाडीत एसटीतून उतरताना तो कंपाउंडर होऊन उतरायचा. दर गणपतीला इस्पितळ त्याला बढती द्यायचं आणि ती बहुतेक महाडच्या आसपास, गाडीतच मिळायची. शेवटी शेवटी तर महिपतने चिमटा हातात दिल्याशिवाय मोठे साहेब ऑपरेशनलाच उभे राहत नव्हते. वाडीने हे सगळं आनंदाने ऐकून घेतलं. पूर्णगडच्या खाडीतल्या एका खेकड्याचा मोडका पाय त्याने प्लास्टर घालून जोडला, आणि पुढल्या साली तो खेकडा बायकापोरांना घेऊन आभार मानायला घाटी चढून दारात आला, हेही ऐकून घेतलं. काहींनी तर खेकडा पाहिल्याचं सांगितलं. अशा माणसाला वाडी अंगदुखीपासून काविळीपर्यंत सगळं विचारणार नाही तर कुणाला?

पण थापांच्या त्या ढिगात एक थाप अशी होती, की ती सांगताना महिपतला स्वतःलाही हसू आलं नव्हतं.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मैनाने मुंबईला यायचा हट्ट धरला. ट्रंकसुद्धा भरली. महिपतने मनात हिशेब मांडला. ही तिकडे आली, एखाद्या दिवशी डबा घेऊन वॉर्डात शिरली आणि कंपाउंडरसाहेबांच्या हातात काय आहे ते तिने पाहिलं तर? त्या दिवसांत, पावसाआधी शेतं भाजतात त्या भाजावळीच्या धुराने मैनाला खोकला झाला होता. महिपतने इस्पितळातून आणलेली, छाती तपासायची, एका कानाची फुटकी नळी तिच्या पाठीला लावली, डोळे मिटले आणि निदान सांगितलं. फुप्फुस नाजूक. मुंबईची हवा मानवायची नाही. मुंबईला परत गेल्यावर मोठ्या साहेबांचाही तोच निरोप कळवला. मैनाने ट्रंक रिकामी केली.

त्यानंतर हे नाजूक फुप्फुस डोक्यावर भाताचे भारे घेऊन घाटी चढत राहिलं. धडधाकट महिपत त्याच घाटीत तीनदा बसायचा. मुलगा अनिल मोठा झाला, मुंबईला नोकरीला लागला, त्याचं लग्न वाडीत येऊन झालं. नात झाली, सानवी. तिच्या बारशाला सगळी वाडी गाडी करून मुंबईला गेली. मैना गेली नाही. तिने पाळण्याची झालर शिवून पाठवली. महिपत रिटायर होऊन घरी आला तेव्हा ही थाप घराच्या आढ्यासारखी झाली होती. काढायची म्हटली तर वरचं सगळंच खाली यायचं.

म्हणून ते यंत्र घरात आलं तेव्हा महिपतला नुसता हेवा वाटला नाही. हेव्याच्या तळाशी भीती होती. ही आज नाचणीचं विचारतेय. उद्या फुप्फुसाचं विचारेल.

यंत्र आणलं त्याच्या भाचीने, दर्शनाने. ती रत्नागिरीत राहून पुण्यातल्या चार जणांच्या मंडळीबरोबर ते घडवत होती. नाव ठेवलं होतं 'शहानिशा'. दवापाण्यावर व्हिडिओ करणाऱ्यांनी आपण काय बोलणार ते आधी त्याला ऐकवायचं. कशाला आधार आहे, कशाला नाही, बदल्यात काय सांगावं, ते शहानिशा सांगणार. बिनआधाराच्या वाक्यावर लाल पट्टी, आधार असलेल्यावर हिरवी. आणि मैना व्हिडिओ करत होती. आधी नुसते घावणे आणि सांदणं कशी करायची ते. मग लोक विचारायला लागले, मामी, अमक्यावर काय खावं? मैनाने महिपतला विचारून सांगितलं की कुळथाच्या कढणाने बोराएवढा मुतखडासुद्धा विरघळतो. राजापूरच्या एका बाईने ते ऐकून दवाखाना सोडला आणि आठवड्याने तिला कळवळत ॲम्ब्युलन्समधून न्यावं लागलं. बाई वाचली. पण मैना चार दिवस जेवली नाही. तेव्हा दर्शनाने तिच्या मोबाइलमध्ये शहानिशा घालून दिली.

"मामी, ही अजून कच्ची हाय हां," ती म्हणाली. "चुकली तर मला सांगायचं."

"आणि तिला ठाऊक नसला तर?" मैनाने विचारलं.

"तर ती तसं सांगते. 'मला ठाऊक नाही.'"

महिपत खो खो हसला. "ठाऊक नाय म्हणायला पगार देतात काय गो तिला? आमच्या इस्पितळात असं बोलला असता तर साहेबांनी हाकलला असता!"

मैना तांदूळ निवडत होती. "मना तर ता आवडला," ती म्हणाली. "नाय ठाऊक तर नाय म्हणते. एवढ्या वर्षांत मी असा कुणाच्या तोंडून ऐकला नाय."

ती सहजच बोलली. पण महिपतला दोन दिवस घास गोड लागला नाही. नाक्यावर बाबल्या भेटला तर तोही म्हणाला, "काय महिपतदादा, तुजी मैना आता लय फेमस! माजी सून तिचाच व्हिडिओ लावून बसते. तुजा काय चाललाय?"

"तिला कोण शिकवतो ता विचार," महिपत म्हणाला.

"कोण?"

महिपतने तोंड उघडलं. खरंखोटं काहीच आठवेना, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

मग एका रविवारी दर्शना शाळेच्या पडवीत माइक घेऊन बसली. शहानिशाला पुण्याची मराठी कळत होती, पण वाडीची कळत नव्हती. "इथली माणसं दुखण्याखुपण्याबद्दल काय काय बोलतात, तसंच्या तसं बोला," दर्शना म्हणाली. "खरं-खोटं मी आणि डॉक्टर मंडळी नंतर लावू. त्यातून ही शिकेल."

सगळ्यात आधी शेजारची सखू बसली. पदर सारखा करून म्हणाली, "महिपत म्हणतो, फणसावर विडा खाल्ला तर माणूस फुगून मरतो." मग बाबल्या: "महिपत म्हणतो, फुरसं चावलं तर जखमेवर कोंबडीचं बूड लावावं." आणि मग रांगच लागली. महिपत म्हणतो, काविळीला नाकात थेंब. महिपत म्हणतो, मासे खाऊन दूध प्यालं तर कोड फुटतं. या वाडीत दुखण्याची गोष्ट नुसती कुणी सांगतच नसे. आधी साक्षीला महिपत उभा करायचा, मग पुढे बोलायचं, ही इथली रीतच पडून गेली होती.

महिपत खांबाला टेकून हे ऐकत होता आणि त्याची छाती हळूहळू भरत होती. जाताना तो मैनाला म्हणाला, "बगलंस? तुज्या यंत्राच्या पोटात आता माजंच नाव हाय. उद्या तू त्याला विचारशील ना, तर ता मनाच विचारून सांगंल."

मैना हसली नाही. तिने एकही वाक्य दिलं नव्हतं. नवऱ्याचं नाव तिने उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. आणि तो 'म्हणतो' ते नावाशिवाय सांगायचं कसं, हे तिला सुचलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात दर्शना शिकून आलेली शहानिशा घेऊन परत आली. शाळेच्या पडवीत परत वाडी जमली. सखूला वाटलं आधी सोपं विचारावं. "महिपत म्हणतो, पावसाळ्यात पाणी उकळून प्यावं."

लाल.

दर्शनाच्या कपाळाला आठी पडली. "परत बोला."

परत लाल. बाबल्या पुढे सरसावला. "महिपत म्हणतो, जखम साबणाने धुवावी." लाल. "महिपत म्हणतो, पोराला लस टोचावी." लाल. आता बाबल्याला चेव आला. त्याने माइक हातात धरला, महिपतकडे बघून डोळा मारला आणि म्हणाला, "महिपत म्हणतो, माणसाला जगायचं तर श्वास घ्यावा लागतो."

यंत्राने क्षणभर विचार केला आणि लाल पट्टी दाखवली. "या विधानाला आधार आढळत नाही."

शाळेची कौलं उडायची तेवढी बाकी राहिली. सखू तर खाली बसून हसत होती. "अरे देवा, महिपतच्या नावाने श्वास घेणं पण बंद!" पोटं धरून लोक घरी गेले. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत पूर्णगडला आणि दुसऱ्या दिवशी मासळीच्या पाट्यांबरोबर शेजारच्या गावांत पोचली.

दर्शना मात्र हसली नाही. ती महिपतच्या घरी पडवीत येऊन त्याच्याशेजारी बसली. "मामा, चूक माझी हाय. तुमच्या नावाची सगळी वाक्यं खोटी निघाली, त्यामुळे ती आजार शिकलीच नाय. ती तुमचं नाव शिकली. नाव ऐकलं की लाल."

"म्हणजे माज्या नावालाच रोग झाला."

"तो काढायचा हाय. तुम्ही खरी वाक्यं द्या. तुमच्या नावाने, तुमच्या तोंडाने. भरपूर. आणि मी अजून एक करतेय. कोण म्हणतो यावर तिने जायचं नाय. तपासलं कुणी, कसं तपासलं, ते तिने आधी विचारायचं."

मैना दारात उभी होती. तपासलं कुणी, हे शब्द तिने मान किंचित तिरकी करून ऐकले. महिपतने ते पाहिलं.

खरं बोलायचं काम दुसऱ्या दिवशी सुरू झालं. मुंबईत स्ट्रेचर ढकलून तो एवढा कधी घामाघूम झाला नव्हता.

"मी महिपत सांगतो," तो माइकमध्ये म्हणायचा, "साप चावला तर माणसाला लगेच दवाखान्यात न्यावा." आणि थांबायचा. "एवढंच?"

"एवढंच, मामा."

"आमच्या साहेबांकडे एकदा एक नाग स्वतःच चालत आला, म्हणाला—"

"मामा!"

"खरं एवढंसंच असतं काय गो? सुरू व्हायच्या आधी संपतं."

आत मैनाचं रेकॉर्डिंग चालू असायचं. उन्हात शेतात जाताना पाणी, मीठ, साखर. ती न अडखळता बोलायची, मध्येच हसायची, आणि शहानिशा हिरवी व्हायची. महिपत दाराआडून ती हिरवी पट्टी बघायचा. शेजाऱ्याच्या कलमाला आलेला मोहोर बघावा तशी. यंत्राचा हेवा, बायकोचा हेवा, भाचीचा हेवा. अंगात हेव्याला जागा किती असते, ते त्याला या उतारवयात कळत होतं.

आणि एका दुपारी मैना माइक घेऊन पडवीत आली. दर्शना तारा गुंडाळत होती.

"मी पण एक विचारते," मैना म्हणाली. "व्हिडिओसाठी नाय. असंच."

महिपत उठायला लागला.

"बसा," ती म्हणाली. माइक तोंडाशी धरला. "आमच्या घरात म्हणतात, बाईचं फुप्फुस नाजूक असलं तर तिने मुंबईला जाऊ नये, तिथली हवा तिला मारते."

तिने नाव घेतलं नव्हतं. लाल व्हायला यंत्राजवळ काही कारण नव्हतं. तो समजूतदार आवाज आला. "फुप्फुस नाजूक आहे, हे कुणी तपासलं होतं? कोणती तपासणी केली होती?"

मैनाने माइक महिपतसमोर धरला. "अवो, ती विचारते हाय. कुणी तपासलं होतं?"

दर्शनाचे हात तारांवर थांबले. महिपतची जीभ, जन्माची सवय, आपणहून चालायला लागली. मोठे साहेब. विलायतेहून आलेले. नळी लावली की बाईच्या आजीला काय झालं होतं ते सुद्धा सांगायचे. त्यांनी नुसता निरोप ऐकून, पेशंट न बघता, अंगठ्याने असं कपाळ दाबून सांगितलं... तो बोलत गेला. थाप फुलत गेली. पण ऐकणारं कुणी हसत नव्हतं, आणि न हसणाऱ्यासमोर थाप वाऱ्यावर ठेवलेल्या दिव्यासारखी होते. शेवटी ती आपणच विझली.

"दिलेल्या माहितीवरून," यंत्र म्हणालं, "फुप्फुसाची तपासणी झाली होती असं दिसत नाही. शंका असल्यास जवळच्या रुग्णालयात तपासून घ्या."

शहानिशा त्याला खोटा म्हणाली नाही. लाल सुद्धा झाली नाही. महिपतला वाटलं, झाली असती तर बरं झालं असतं.

"घेते," मैना म्हणाली. तोच खालच्या पट्टीतला सूर.

दुसऱ्या दिवशी ती दर्शनाबरोबर एसटीने रत्नागिरीला गेली. महिपत दिवसभर पडवीत येरझारा घालत होता. आता कुणी दुसरंच तिच्या पाठीला नळी लावत असेल. दोन्ही कान शाबूत असलेली. या विचाराने तो सगळ्यात जास्त जळला, हे त्याने कुणाला सांगितलं असतं तर कुणाला खरं वाटलं नसतं.

मैना दिवेलागणीला परतली. पाय धुतले, चूल पेटवली. मग भात वाढताना म्हणाली, "नळीत फुंकायला लावला. मी फुंकला तर डॉक्टरीण घाबरली. म्हणते, आजी, डोंगर चढणारी फुप्फुसं हायत ही. छातीचा फोटो पण काढला. काय नाय."

महिपतने मान खाली घातली. आता येईल, त्याला वाटलं. शिव्या, रडणं, भांडी. तो वाटच बघत होता.

"आमटी वाढू?" तिने विचारलं.

त्या आठवड्यात ती त्याच्याशी भांडली नाही, अबोलाही धरला नाही. फक्त काही विचारलं नाही. मीठ बरोबर आहे का, हेसुद्धा नाही. आणि एके दिवशी दर्शनाला फोन करून म्हणाली, "मुंबईचं तिकीट काढ. एकटीचं. सानवीकडे जाते."

रत्नागिरी स्टेशनवर महिपत तिची पिशवी घेऊन गाडीत चढला, जागा शोधली, पिशवी सीटखाली ढकलली. समोर राजापूरहून बसून आलेलं एक म्हातारं जोडपं होतं. म्हातारा बोलका होता. पिशवी, चपला, सगळं न्याहाळून त्याने महिपतला विचारलं, "मुंबईला इस्पितळात काय? काय त्रास हाय वहिनींना?"

असा प्रश्न म्हणजे महिपतला आंदण. साहेब, ऑपरेशन, चिमटा, सगळं ओठावर येऊन उभं राहिलं. मैना खिडकीबाहेर बघत होती. तिने वळून पाहिलं नाही. पण तिचा हात मांडीवर स्थिर झाला होता, ऐकणाऱ्याचा हात होतो तसा.

"नाय," महिपत म्हणाला. "त्रास काय नाय तिला." मग फलाटाकडे बघत, "कधीच नव्हता."

म्हाताऱ्याला यात काही विशेष वाटलं नाही. तो "बरं, बरं" म्हणाला आणि भुईमुगाच्या शेंगांची पुडी सोडायला लागला. शिट्टी झाली. महिपत खाली उतरला आणि खिडकीशी येऊन उभा राहिला. खरं होतं ते बोलून झालं होतं आणि ते नेहमीप्रमाणे एवढंसंच होतं.

मैनाने दोन्ही हातांनी खिडकीची झडप धरली आणि पूर्ण वर सरकवली.

"अवो वहिनी, वारं लागंल," समोरची म्हातारी म्हणाली.

"लागू दे," मैना म्हणाली.

गाडी हलली.